क्वाड बाइकचा सेल्फ फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्फ दाबल्यावर इंजिन फिरत असेल, तर स्टार्टर मोटर, सोलेनॉइड (तिला बॅटरी जोडून देणारा स्विच) आणि त्यांची जाड वायरिंग यांचं काम झालेलं आहे. दोष त्याच्या पुढे आहे, म्हणजे शोधायची जागा बरीच कमी झाली. इंजिनाला पेट घ्यायला योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाब, एवढंच लागतं. यातलं काय कमी पडतंय हे ठरवण्याआधी एकही सुटा भाग विकत आणू नका. अंदाजाने सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉईल, कार्ब्युरेटर बदलत गेलेल्या कितीतरी गाड्या शेवटी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट) सेट केल्यावर किंवा एक जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) साफ केल्यावर सुरू होतात, आणि मालकाचा पैसा मात्र गेलेला असतो.

खालची उत्तरं मुख्यतः एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल क्वाडसाठी आहेत. फ्यूल इंजेक्शन आणि टू-स्ट्रोक यांचं वेगळं तिथे तिथे सांगितलं आहे. आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम धरा.

पाना हातात घेण्याआधी काय बघू?

हँडलवरचा लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण. बऱ्याच क्वाडवर तो बंद असला तरी सेल्फ फिरतो, फक्त ठिणगी मिळत नाही. झुडपातून जाताना किंवा गाडी धुताना तो सहज ढकलला जातो. दोन-तीनदा चालू-बंद करून बघा, म्हणजे आतल्या संपर्कावर गंज असेल तर तोही घासला जातो. मागच्या बाजूला दोरीचा टेदर स्विच (दोरी ओढली की इंजिन बंद करणारा) असेल, तर त्याची टोपी नीट बसली आहे का पाहा. लहान मुलांच्या काही क्वाडवर रिमोटने इंजिन बंद करायची सोय असते, तिच्यामुळेही ठिणगी अडते.

मग पेट्रोल. टाकीत ते आहे का, हे झाकण उघडून डोळ्यांनी बघा, काट्यावर विसंबू नका. कॉक ‘ऑन’वर आहे का? पेट्रोल तळाला असेल तर ‘रिझर्व्ह’वर घ्या. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर टाकीची श्वासनळी बंद आहे. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. झाकणावरची बारीक रबरी नळी दुमडली किंवा तिच्यात चिखल भरला की हमखास असं होतं.

इंजिन थंड असेल आणि गाडीला चोक असेल तर चोक पूर्ण ओढा, आणि एक्सलेटरला हात लावू नका. बहुतेक क्वाडच्या कार्ब्युरेटरमधला चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल देणारा एक वेगळा मार्ग असतो. थ्रॉटल बंद असताना आत जी ओढ तयार होते, तिच्यावरच तो चालतो. एक्सलेटर दिला की ओढ कमी होते आणि चोक असून नसल्यासारखा.

सेल्फ इंजिनच फिरवतोय हे कसं ओळखायचं?

आवाजावरून. इंजिन फिरताना प्रत्येक कॉम्प्रेशनला एक अडखळ येते, त्यामुळे आवाजाला ठेका असतो. ठेका नसलेला, सलग गरगर आवाज येत असेल तर दोन शक्यता. एक, फक्त स्टार्टर मोटर फिरतेय आणि स्टार्टरचा वन-वे क्लच इंजिनाला पकडत नाही. दोन, इंजिन फिरतंय पण कॉम्प्रेशन उरलेलं नाही. गाडीला दोरी ओढून सुरू करायची सोय असेल तर दोरी हळू ओढून बघा. हाताला जोर लागला तर कॉम्प्रेशन बऱ्यापैकी आहे आणि संशय वन-वे क्लचवर जातो.

सेल्फ एका दमात किती वेळ मारावा?

पाच ते दहा सेकंद. मग निदान अर्धा मिनिट थांबा. स्टार्टर मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नसते. लागोपाठ दाबत राहिलं तर ती तापते, बॅटरी उतरते आणि सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल साचत जातं. चार-पाच प्रयत्नांत इंजिनाने दाद दिली नाही तर सेल्फ सोडून प्लगकडे वळा.

तपासणी कुठून सुरू करू?

स्पार्क प्लगपासून, आणि तेही नुकताच सेल्फ मारून झाल्यावर लगेच. गरम इंजिनाचा प्लग काढताना हात सांभाळा. प्लग सोडवण्याआधी त्याच्या भोवतीची माती हवेने उडवून टाका, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

काढलेला प्लग उजेडात धरा आणि टोकाकडचं पांढरं सिरॅमिक नीट बघा. ते ओलं, चकाकणारं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण जळत नाही. म्हणजे ठिणगी नाही, कमजोर आहे, किंवा पेट्रोल फार जास्त झालं आहे. प्लग ठणठणीत कोरडा, वासही नाही, तर पेट्रोल पोचलेलंच नाही. कोरडी, मऊ, हाताला लागणारी काजळी दिसली तर बरेच दिवस मिश्रण दाट होतं: चोक पूर्ण परत जात नसेल किंवा एअर फिल्टर तुंबला असेल. काळा, ओशट, तेलकट थर असेल तर फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल वर येतंय. पाण्याचे थेंब दिसले तर खाली पाण्याबद्दलचा प्रश्न आहे, सरळ तिथे जा.

नुसतं एवढं बघितलं तरी पुढचा निम्मा शोध वाचतो. प्लग न बघताच घासून पुसून परत लावणं म्हणजे हातातला पुरावा पुसून टाकणं.

ठिणगी कशी तपासायची?

आधी आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि जागा हवेशीर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत लांबपर्यंत जाते. गाडी न्यूट्रलमध्ये आणि पार्किंग ब्रेक लावलेला असू द्या.

प्लग त्याच्या कॅपमध्ये घट्ट बसवा आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला टेकवा. हाताने धरू नका, धक्का जोरात बसतो. जम्पर वायरने किंवा प्लॅस्टिकच्या मुठीच्या पकडीने तो जागेवर ठेवा, आणि प्लगच्या भोकापासून जेवढा लांब ठेवता येईल तेवढा ठेवा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ठिणगीने ती पेटू शकते. शक्य असेल तर भोकात जुना प्लग हलकेच लावून ठेवा. मग सेल्फ मारा.

निळसर-पांढरी, ‘टक् टक्’ आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी किंवा नारिंगी, बारीक, कधी येते कधी नाही, ती कमजोर. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या: मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच असं नाही, कारण दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अंतर कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळाला तर उत्तम. सहा-सात मिलिमीटरची फट ठिणगीने पार केली, तर इग्निशनवर संशय घ्यायचं फारसं कारण उरत नाही.

प्लगची कॅप काढून वायर मोकळी ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही की त्या व्होल्टेजचा ताण सीडीआय आणि कॉईलवर येतो.

ठिणगी अजिबात नाही. सीडीआय गेला असेल का?

शक्य आहे, पण त्याचा नंबर शेवटचा. क्रम असा ठेवा.

आधी नवीन प्लग. जुना प्लग दिसायला स्वच्छ असून आतून शॉर्ट झालेला असू शकतो. प्लगची फट बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. इरिडियम प्लगच्या बारीक टोकाला फिलर गेज (फट मोजायची पट्टी) टेकवू नका, ते तुटतं. मग कॅप. ती बऱ्याच गाड्यांवर वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. कॅप फिरवून काढा, वायरचं गंजलेलं टोक अर्धा सेंटिमीटर कापा आणि परत फिरवून बसवा. रेझिस्टर असलेल्या कॅपचा रोध साधारण ५ किलोओहम येतो. मीटरवर काहीच आलं नाही तर कॅप बाद.

त्यानंतर किल स्विचचा मार्ग. एसी प्रकारच्या (इंजिनाच्या स्टेटरवरच्या कॉईलवर चालणाऱ्या) सीडीआयवर एक वायर अशी असते, की ती बॉडीला टेकली की इंजिन बंद होतं. किल स्विच आणि चावी दोन्ही तीच वायर अर्थ करून इंजिन थांबवतात. वायरिंगच्या नकाशात ती शोधा, सीडीआयच्या कनेक्टरपाशी तेवढीच वेगळी करा आणि परत ठिणगी तपासा. ठिणगी आली तर सीडीआय, कॉईल, मॅग्नेट (क्रँकवरचं चुंबकी चाक) सगळं शाबूत आहे, दोष स्विचमध्ये किंवा घासलेल्या वायरिंगमध्ये आहे. ही चाचणी एकाही सुट्या भागाचा खर्च न करता अर्धी वायरिंग निर्दोष ठरवते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. चाचणी झाल्यावर वायर परत जोडायलाच हवी, कारण तिच्याशिवाय गाडी स्विचने बंद होणार नाही. डीसी प्रकारच्या (बॅटरीवर चालणाऱ्या) सीडीआयवर गोष्ट उलटी असते. तिथे किल स्विच १२ व्होल्टचा पुरवठा तोडतो, म्हणून कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते मोजा.

मग मल्टिमीटर घेऊन इग्निशन कॉईल, पिकअप कॉईल (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) आणि स्टेटर (मॅग्नेटजवळचा, वीज तयार करणारा कॉईलचा संच) तपासा. कॉईलच्या प्रायमरीचा रोध अगदी कमी, बहुधा दोन-चार ओहमच्या आत, आणि सेकंडरीचा काही हजार ओहम असतो. पिकअप कॉईल बऱ्याच गाड्यांवर १०० ते ३०० ओहमच्या दरम्यान मिळते, पण इथे मॅन्युअल उघडल्याशिवाय निकाल देऊ नका. पिकअपच्या टोकाला लोखंडी कीस चिकटलेला असेल तर पुसा, मॅग्नेट आणि पिकअपमधली फट बघा. हे सगळं ठीक निघालं, सगळे अर्थ घासून स्वच्छ केले, कनेक्टर सोडून परत जोडले, आणि तरी ठिणगी नाही, तेव्हा सीडीआय बदलून बघायला हरकत नाही. शक्यतो कोणाचा तरी चालू स्थितीतला लावून खात्री करा. इलेक्ट्रिकचा सुटा भाग दुकानदार सहसा परत घेत नाही.

जाता जाता सीटखालची वायरिंग उंदरांनी कुरतडली आहे का पाहा. बरेच दिवस उभ्या गाडीत हे नेहमीचं आहे.

बॅटरी सेल्फ फिरवतेय, म्हणजे ती चांगली आहे ना?

नाही, तसं नक्की म्हणता येत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते: मीटर बॅटरीवर ठेवून सेल्फ मारा आणि आकडा किती खाली येतो ते बघा. साधारण ९.६ ते १० व्होल्टच्या खाली गेला तर मोटर रडत रडत फिरते, पण डीसी सीडीआय किंवा ईसीयू (इंजेक्शनच्या गाडीचा इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) काम करणं सोडून देतो. अशी गाडी कधी कधी सेल्फचं बटण सोडण्याच्या क्षणी पेटते, कारण त्या क्षणी व्होल्टेज परत वर आलेलं असतं. हे लक्षण दिसलं की बॅटरी आणि तिचे टर्मिनल सोडून दुसरीकडे बघू नका.

मोटारीच्या बॅटरीवरून जम्पर लावायचा असेल तर मोटारीचं इंजिन बंद ठेवा.

ठिणगी चांगली आहे, प्लग कोरडा आहे. पेट्रोल कुठे अडलं?

कार्ब्युरेटरच्या तळाला फ्लोटची वाटी असते आणि तिला एक ड्रेन स्क्रू. त्याच्या नळीखाली काचेची स्वच्छ बरणी धरा, कॉक उघडा ठेवा आणि स्क्रू सैल करा. आधी वाटीतलं साठलेलं पेट्रोल येईल, मग टाकीतून सलग धार यायला हवी. थोडंसं येऊन थांबलं तर अडथळा वाटीच्या आधी आहे: कॉकची जाळी, फिल्टर, दुमडलेली नळी, श्वासनळी, किंवा फ्लोटची सुई बंद स्थितीत चिकटलेली. काही क्वाडवर इंजिनाच्या ओढीने उघडणारा व्हॅक्यूम कॉक असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल येत नाही. त्याच्यावर ‘प्राइम’ची खूण असेल तर तिथे ठेवून बघा.

आता बरणी दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरा. पाणी असेल तर ते तळाला पाऱ्यासारखे गोल थेंब होऊन बसतं आणि बरणी तिरकी केली की पेट्रोलच्या खालून घरंगळतं. तपकिरी भुकटी दिसली तर टाकी आतून गंजली आहे. हिरवट किंवा पिवळा चिकट गाळ म्हणजे पेट्रोल शिळं होऊन त्याचा डिंक झाला आहे. यातलं काहीही दिसलं तर नुसता कार्ब्युरेटर धुवून भागणार नाही, टाकी रिकामी करून साफ करावी लागेल.

पेट्रोल किती दिवस टिकतं?

उघड्या श्वासनळीच्या टाकीत दोन-तीन महिन्यांनंतर त्याच्यावर भरवसा ठेवू नका. सहज पेटणारे हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू व्हायला नेमके तेच लागतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात, आणि कॉक पेट्रोल घेतो तो तळातूनच. जुन्यात नवीन मिसळून काम भागवू नका, सगळं काढून टाका. गाडी लांब मुदतीसाठी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

वाटीत स्वच्छ पेट्रोल येतंय, तरी इंजिन घेत नाही. किंवा फक्त चोकवर चालतं, चोक काढला की बंद.

दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: पायलट जेट. इंजिन सुरू होताना आणि आयडलिंगला पेट्रोल या छोट्या जेटमधूनच जातं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यामुळे वाळलेल्या पेट्रोलचा एक पापुद्रा ते बुजवायला पुरतो. मेन जेट मोठा असतो, तो उशिरा तुंबतो.

वाटी उघडून जेट काढा आणि उजेडासमोर धरा. पलीकडून नितळ गोल उजेड दिसायला हवा. उजेड दिसला पण कडा खडबडीत असल्या, तरी जेट अर्धा बंदच समजा. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, आणि गरज पडली तर तांब्याच्या वायरचा एक मऊ धागा घाला. पोलादी पिन घालू नका, जेट पितळेचा असतो आणि त्याचं माप बिघडलं की गाडी कधीच नीट चालणार नाही. नुसता जेट साफ करूनही थांबू नका. तो जिथे बसतो त्या मार्गातही स्प्रे मारा, थ्रॉटलच्या पडद्याजवळच्या बारीक भोकांतून फवारा बाहेर येताना दिसला पाहिजे. मिक्श्चर स्क्रू काढायचा असेल तर आधी तो आतपर्यंत हलक्या हाताने फिरवत फेरे मोजा, ते लिहून ठेवा, मगच काढा. स्प्रे डोळ्यांत उडतो, म्हणून चष्मा घाला.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी बूट तडकलेला असेल किंवा त्याची क्लिप सैल असेल, तरी बाहेरची हवा शिरून हेच लक्षण दिसतं.

माझ्या क्वाडला फ्यूल इंजेक्शन आहे. तिथे काय वेगळं?

चावी ‘ऑन’ केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येऊन थांबतो का ते ऐका. तो पंप दाब तयार करत असतो. आवाज नाही, तर पंपाचा फ्यूज, रिले, आणि कनेक्टरवरचं व्होल्टेज तपासा. आवाज आहे म्हणजे दाब आहे असं मात्र धरू नका, कारण पंपाचा फिल्टर तुंबलेला असू शकतो. बऱ्याच क्वाडवर दाब ३ बारच्या म्हणजे साधारण ४३ पीएसआयच्या आसपास असतो, तो गेज लावूनच मोजायचा. इंजेक्शनची लाइन सोडण्याआधी तिच्यातला दाब उतरवा, नाहीतर पेट्रोल अंगावर उडतं.

गाडी नुकतीच कलंडली होती का? कलंडल्यावर इंजिन बंद करणारा एक सेन्सर असतो. गाडी सरळ केली तरी तो अडून राहतो. बहुतेक मॉडेलवर चावी बंद करून परत चालू केली की तो मोकळा होतो.

इंजिनाच्या दिव्याची उघडझाप किंवा मीटरवर दिसणारा कोड लिहून घ्या. कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचं नाव नव्हे, कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच तो सांगतो. त्या सर्किटचा कनेक्टर आणि वायर आधी बघा.

पेट्रोल ओव्हर झालंय. कसं मोकळं करू?

चोक बंद करा, एक्सलेटर पूर्ण उघडा धरा आणि पाच-दहा सेकंद सेल्फ मारा. कार्ब्युरेटरच्या गाडीत भरपूर हवा आत जाऊन सिलिंडर वाळतो. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत पूर्ण एक्सलेटर दिसला की ईसीयू स्वतःहून पेट्रोल तोडतो. पेट घेतल्याबरोबर एक्सलेटर सोडायला तयार राहा. नाहीच जमलं तर प्लग काढून वाळवा, भोकावर फडकं धरून इंजिन थोडं फिरवा आणि कोरडा प्लग लावा. वाटीच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळतच असेल तर फ्लोटची सुई बसत नाही, तिच्यात कचरा आहे किंवा ती झिजली आहे.

स्टार्टिंग स्प्रे मारू का?

निदानासाठी एखादी अगदी छोटी फवारणी चालेल, रोजच्या वापरासाठी नाही. स्प्रे मारल्यावर इंजिन दोन-तीन ठोके देऊन बंद पडलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल पोचत नाही. काहीच झालं नाही तर पेट्रोलचा शोध थांबवा. टू-स्ट्रोकमध्ये मारू नका. त्यात ऑइल पेट्रोलबरोबर येतं, आणि स्प्रे ते धुवून नेतो.

कॉम्प्रेशन घरी मोजता येतं का?

येतं. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावा, ठिणगी बंद राहील अशी सोय करा, एक्सलेटर पूर्ण उघडा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. एक्सलेटर उघडायला विसरलात तर आकडा खोटा कमी येतो. निरोगी फोर-स्ट्रोक इंजिनात १२० पीएसआयच्या वरचा आकडा दिलासा देणारा, ९० च्या खाली इंजिन कुरकुर करतं. मात्र अनेक क्वाडच्या कॅमवर डिकॉम्प्रेसर असतो, तो सेल्फ मारताना मुद्दाम थोडा दाब सोडतो. अशा इंजिनात धडधाकट असतानाही आकडा बराच कमी येतो, म्हणून मॅन्युअल बघितल्याशिवाय रिंगा बदलायला निघू नका.

आकडा कमी आला तर भोकातून एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा आणि परत मोजा. आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. जवळजवळ तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

टॅपेटचा आणि गाडी सुरू न होण्याचा काय संबंध?

हा प्रश्न जितक्यांनी विचारायला हवा तितके विचारत नाहीत, म्हणून सविस्तर सांगतो.

टॅपेट सैल झाले की आवाज येतो, आणि आवाज आला की माणूस गाडी दाखवायला नेतो. टॅपेट घट्ट झाले की काहीच आवाज येत नाही, उलट इंजिन आधीपेक्षा शांत वाटतं. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत जातात तसा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशनच्या वेळी दाब तिथून निसटतो. इंजिन वेगात फिरताना हे फारसं जाणवत नाही, कारण गळायला वेळच मिळत नाही. सेल्फच्या संथ वेगात मात्र जाणवतं. म्हणून अशा गाडीची कहाणी ठरलेली असते: आधी सकाळी दोन-चार वेळा जास्त सेल्फ मारावा लागतो, मग चोक नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, मग उतारावरून किंवा ओढूनच सुरू होते, आणि एके दिवशी होतच नाही. तोवर प्लग, कार्ब्युरेटर, बॅटरी सगळं बदलून झालेलं असतं. मातीत, धुळीत चालणाऱ्या आणि फिल्टरकडे दुर्लक्ष झालेल्या गाडीत हे लवकर घडतं.

तपासणी अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, टॅपेटची झाकणं आणि मॅग्नेट बघायची छोटी खिडकी उघडा. इंजिन फिरवत मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण खिडकीतल्या खुणेसमोर आणा. ही खूण दोनदा येते. दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असतात, तोच कॉम्प्रेशन स्ट्रोकचा वरचा बिंदू. फट मोजायची ती तिथेच. फिलर गेजची पट्टी किंचित अडखळत सरकायला हवी. इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडे वेगवेगळे असू शकतात, आणि ते मॉडेलप्रमाणे साधारण ०.०५ पासून ०.२५ मिलिमीटरपर्यंत कुठेही असतात, त्यामुळे इथे अंदाज चालत नाही. स्क्रू आणि नट असेल तर घरी सेट होतं. शिम (फट ठरवणारी छोटी चकती) असेल तर कॅम काढावा लागतो, ते काम सरावाच्या हातांनी व्हावं. सेट केल्यावर थोड्याच दिवसांत परत घट्ट होत असेल तर व्हॉल्व्ह संपलेत, हेड उघडण्याची वेळ आली आहे.

गाडी पाण्यातून नेली आणि बंद पडली. सेल्फ मारू का?

मारू नका! आधी एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, उघडा. तिथे पाणी असेल तर ते सिलिंडरमध्येही गेलं असं धरून चाला. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन फिरवून सगळं पाणी भोकातून बाहेर काढा, एअर बॉक्स, फिल्टर आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. ऑइलचा रंग दुधाळ झाला असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, आणि सुरू करून थोडं गरम झाल्यावर परत बदला.

नुसती गाडी धुतल्यावर सुरू होत नसेल तर प्लगच्या खड्ड्यात, कॅपमध्ये किंवा कनेक्टरमध्ये पाणी आहे. हवेने वाळवा. बऱ्याच हेडमध्ये त्या खड्ड्याचं पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा.

सेल्फ मारताना कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजतात.

ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय किंवा व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडताहेत. मॅग्नेट क्रँकवर एका छोट्या चावीने अडवलेला असतो. नट सैल राहिला की ती चावी कापली जाते, मॅग्नेट सरकतो आणि सगळं टायमिंग हलतं. सेल्फ मारताना उलटा झटका बसणं ही तिची खूण. टायमिंग चेन दातावरून उडाली असेल तर फिरण्याचा आवाजही नेहमीपेक्षा हलका आणि वेगळा येतो. तसा संशय आला तर सेल्फ लगेच थांबवा, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागू शकतात.

थंड असताना लगेच सुरू होते, गरम झाल्यावर बंद केली की होत नाही.

तेव्हाच, गरम असतानाच ठिणगी तपासा. गायब असेल तर पिकअप कॉईल, इग्निशन कॉईल किंवा स्टेटर गरम झाल्यावर तुटतो, थंड असताना मीटरवर तो बरोबर दिसेल. ठिणगी असेल तर टॅपेट आणि टाकीची श्वासनळी बघा.

एअर फिल्टर किंवा सायलेन्सरमुळे असं होऊ शकतं?

होतं. उभ्या गाडीच्या एअर बॉक्समध्ये उंदीर घरटं करतात आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी काजळीने बुजली तरी इंजिनाला श्वास सोडता येत नाही. सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा, हवेचे ठोके जाणवायला हवेत.

धक्का मारून सुरू करता येईल का?

हाताने गिअर आणि क्लच असलेली क्वाड येईल. बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक क्वाड सहसा येत नाही, कारण इंजिन थांबलेलं असताना बेल्ट पकडतच नाही.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी काय बघू?

इनटेकच्या मागची रीड व्हॉल्व्हची पाती. ती तुटली किंवा नीट मिटली नाहीत तर आलेलं मिश्रण परत मागे फेकलं जातं. दुसरं म्हणजे क्रँकची सील. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा शिरते. गिअरच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल जळतं आणि भरपूर पांढरा धूर येतो. यामाहाच्या काही जुन्या क्वाडवर, उदाहरणार्थ बॅन्शीवर, थ्रॉटल अडकला तर ठिणगी तोडणारी यंत्रणा असते. तिचे स्विच बिघडले की इंजिन उगाच अडतं.

मेकॅनिककडे न्यायचीच असेल तर काय सांगू?

तपासलेलं सगळं, आकड्यांसह: सेल्फ मारताना बॅटरी किती व्होल्टवर येते, ठिणगीचा रंग, प्लग ओला की कोरडा, कॉम्प्रेशन किती, पेट्रोल कधीचं. आणि बंद पडण्याआधी शेवटचं काय घडलं होतं: धुतली, पाण्यातून नेली, कलंडली, उभीच होती, कोणी वायरिंगला हात लावला. चांगला मेकॅनिक यावरूनच निम्मं ओळखतो. ‘सुरूच होत नाही’ एवढंच सांगितलं तर त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि मजुरीही त्याचीच लागते.

एकदाची सुरू झाली. आता लगेच फिरायला नेऊ?

आधी गाडी मोकळ्या हवेत आणा, बंद शेडमध्ये चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग दोन मिनिटांनी इंजिन बंद करून ऑइलची कांडी काढा आणि वास घ्या. बराच वेळ सेल्फ मारलेल्या किंवा ओव्हर झालेल्या इंजिनात पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पेट्रोलचा वास आला, ऑइल पातळ लागलं किंवा पातळी होती त्यापेक्षा वर दिसली, तर ऑइल आणि फिल्टर बदला आणि मगच गाडी बाहेर काढा.